परत आलेली ताटली

बाराफूच्या तळावर पोचल्यावर एलियामानीने पहिलं काम केलं ते आपल्या ताटलीतला उगालीचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा दगडाआड नेऊन डोमकावळ्यांना घालण्याचं. कालही त्याने तेच केलं होतं. घास तोंडाशी नेला की पोटात ढवळायचं आणि बसल्या जागी दम लागायचा. किलिमांजारोवर बावीस वर्षं माणसं चढवणाऱ्या मुख्य गाईडला विरळ हवेतल्या या दुखण्याचं नाव सांगायला डॉक्टर लागत नाही. पण एलियामानीने त्याचं नाव धूळ ठेवलं होतं. यंदा वाटेवर धूळ फार, असं तो प्रत्येक खोकल्यानंतर सांगायचा, आणि हमालांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे माना डोलवायचे.

मध्यरात्री शिखराकडे निघायचं होतं. पाहुणे दोनच, फिनलंडचं एक निवृत्त जोडपं, गुणी, सांगितलं तेवढंच चालणारं. हाताखालची गाईड मांका त्या दोघांना एकटी वर नेऊ शकली असती. हे एलियामानीला पक्कं ठाऊक होतं आणि तेच त्याला टोचत होतं. बावीस वर्षांत तो शिखराखालून एकदाही माघारी आला नव्हता. एकदा का माणूस उतरला, की ऑफिसातले लोक 'काका, आता जरा आराम करा' म्हणत त्याला पायथ्याच्या धबधब्याच्या सहलींना लावून देतात. इतरांचं असं झालेलं त्याने पाहिलं होतं. एक रात्र कशीबशी काढायची, मग पुढचं पुढे, असं त्याने ठरवून टाकलं.

ताटली द्यायला तो स्वयंपाकाच्या तंबूत गेला. आचारी अनाएली हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याने आधी ताटलीकडे पाहिलं, मग ताटली आणणाऱ्याकडे.

"कावळे जेवले का पोटभर, दाजी?"

एलियामानीने त्याला आपल्या कांद्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. अनाएलीने आवाज खाली आणला. कालचीही ताटली अशीच साफ होती, पण चहा मात्र तसाच होता, हे धुळीचं लक्षण नाही, आत्ताच्या आत्ता खाली चला, मी बरोबर येतो, असं तो म्हणाला. तेव्हा एलियामानीचं डोकं फिरलं. चार हमाल ऐकत उभे होते, त्यांचीही त्याने पर्वा केली नाही.

"तुझ्या बहिणीकडे बघून मी शब्द टाकला, म्हणून तुझ्या हातात डाव आला. तो हलव. मला डोंगर शिकवू नकोस."

शेवटचं वाक्य खोकल्यात अर्धं बुडालं. अनाएलीने हात पुसले आणि चहासाठी आलं ठेचायला घेतलं.

दुपारी पाहुण्यांच्या तंबूत रोजची तपासणी झाली. जेवलात का, डोकं दुखतंय का, आणि मग बोटाला ऑक्सिमीटर. पहिल्याच दिवशी एलियामानीने नियम सांगून ठेवला होता. आकडा सत्तरच्या खाली गेला की वर नाही, खाली. मग तो कुणीही असो, हुज्जत घालायची नाही. आज बाईंचा आकडा एक्क्याऐंशी आला, त्यांच्या नवऱ्याचा अठ्ठ्याहत्तर. एवढ्यात आल्याच्या चहाचा थर्मास घेऊन अनाएली आत आला. आचारी सहसा पाहुण्यांशी बोलत नाही. पण आज तो तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, की मोठ्या गाईडचाही आकडा बघू या, तुम्हालाच धीर येईल. बाईंना कल्पना फार आवडली. हसत हसत त्यांनी स्वतःच ते यंत्र एलियामानीच्या बोटाला लावलं.

अठ्ठावन्न.

बोट गार पडलंय, असं एलियामानी म्हणाला. दुसरं बोट लावून पाहिलं तर सत्तावन्न. बाईंचं हसू मावळलं. जन्मभर त्यांनी शाळेत शिकवलं होतं. त्या चढ्या आवाजात काही बोलल्या नाहीत.

"नियम तुमचाच आहे," त्या म्हणाल्या.

माणूस मेहुण्याशी भांडेल, पाहुण्यांचीही एकवेळ समजूत घालेल. स्वतः पाच दिवस घोकून घेतलेल्या नियमाशी काय भांडणार? पाहुण्यांना मांकाच्या हवाली करून एलियामानी उतरायला लागला. एका बाजूला एक हमाल, दुसऱ्या बाजूला अनाएली, आपल्या पिशवीवर दाजींचीही पिशवी चढवलेला. वाटभर एलियामानी मान खाली घालून चालला. मेलो असतो तर बरं झालं असतं इतकी लाज त्याला वाटत होती, आणि मरण खरोखरच काही तासांवर आलं होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. खाली झुडपं लागली तशी छातीतली बुडबुड कमी झाली. आणखी खाली, झाडांच्या पट्ट्यात, त्याला चक्क भूक लागली. अनाएलीने न विचारता पिशवीतून उकडलेली केळी काढून दिली. खाता खाता एलियामानीच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि या खेपेला त्याने धुळीचं नाव घेतलं नाही.

पायथ्याच्या मोशी शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाणी भरलेल्या फुप्फुसाचा फोटो उजेडाला धरून विचारलं, की तुम्हाला खाली कुणी आणलं. मेहुण्याने, असं त्याने सांगितलं. मेहुण्याला जपा, असं त्या म्हणाल्या. आणखी एक रात्र वर काढली असती तर आपल्याला काही करता आलं नसतं, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं.

आठवड्याने बरा होऊन घरी आल्यावर एलियामानीने कुंपणातलं इसालेचं पान तोडलं, त्याला गाठ मारली आणि तो अनाएलीच्या घरी गेला. ते पान घेऊन कुणी दारात उभं राहिलं, की राग कितीही मोठा असला तरी सोडावा लागतो. अनाएली केळीच्या बागेत गाईसाठी पाला कापत होता.

"मी तुला चार माणसांत नको ते बोललो," एलियामानी म्हणाला. "तू नसतास तर तुझी बहीण आज विधवा असती. मला माफ कर. रोज सकाळी जाग आली की पहिला श्वास घेताना तुझी आठवण येते. आभार म्हणणं फार तोकडं आहे रे, पण माझ्याजवळ दुसरा शब्द नाही."

अनाएलीने पान घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. राग कधी नव्हताच, असं तो म्हणाला. मग खाली बघतच त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी फिलेमोन नावाच्या गाईडची ताटलीही दोन दिवस भरलेलीच परत आली होती. अनाएली तेव्हा हाताखालचा आचारी होता. आपण गाईडला काय सांगणार, म्हणून त्याने ताटल्या धुऊन ठेवल्या. फिलेमोनला वरून खाली आणलं ते घोंगडीत गुंडाळून. त्याची बायको अपाइकुंडा दोन ओढ्यांपलीकडे राहते. चर्चमध्ये ती दिसली की अनाएली मागच्या दाराने निघून जातो.

"दर वर्षी एक पान तोडून ठेवायचो," तो म्हणाला. "तिथल्या तिथे सुकून जायचं. पाय उचलायचे नाहीत, दाजी."

"हे ताजं आहे," एलियामानी म्हणाला. "ऊठ. मी येतो."

दोन ओढे ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. एलियामानी अजून दर चढावर थांबत होता आणि अनाएलीला ते बरंच वाटत असावं. अपाइकुंडा अंगणात कॉफीच्या बिया पसरत होती. पान दिसताच ती उभी राहिली. अनाएलीने अडखळत सगळं सांगितलं. दोन दिवस, दोन ताटल्या, आणि त्या त्याने मुकाट्याने धुतल्या. यातलं काहीही त्याने वगळलं नाही. नंतर तिने दोन्ही हातांनी पान घेतलं आणि एलियामानीकडे पाहिलं.

"आणि हे कोण?"

"माझे दाजी," अनाएली म्हणाला. "यांनीही दोन दिवस जेवण टाकलं, तेव्हा मी बोललो, वहिनी."

अपाइकुंडा त्या धापा टाकणाऱ्या, घामाघूम माणसाकडे बघत राहिली.

"म्हणजे यांना फिलेमोनने खाली आणलं," ती म्हणाली, आणि दोघांना बसायला तिने बाकडं पुढे ओढलं.