कव्हर एक्कावन्नचं, पोट पन्नासचं

मी 'वीरजोडी' या चित्रकथा मासिकाचा एक्कावन्नावा अंक बोलतोय. निदान माझं कव्हर तरी तसं म्हणतं. कव्हरवर भाबडा विश्वास टाकणारी माणसं मी जन्मभर पाहत आलोय, तेव्हा तुम्हीही टाकलात तर मला नवल वाटणार नाही.

माझा जन्म नाशिकचा. आमचे मालक ढुंढिराज. त्यांचे भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. ते काम ढुंढिराजांना कमीपणाचं वाटे, म्हणून त्यांनी छापखाना काढला आणि लग्नपत्रिका छापू लागले. पुढे कुणीतरी कानात सांगितलं, की मुलांच्या चित्रकथांना मरण नाही. झालं. त्यांनी 'तुफानवीर' आणि 'शीळकन्या' अशी दोन मासिकं एकदम काढली. तुफानवीर एका फुंकरीत ट्रक उलटवायचा आणि शीळकन्येच्या शिट्टीने दगड फुटायचे. दोघांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग ढुंढिराजांनी दोन्ही पडेल मासिकं एकाच कव्हरात कोंबली आणि त्याला 'वीरजोडी' असं भारदस्त नाव दिलं. तुफानवीर कायमचा, जोडीदार दरमहा नवा. कधी मुंगळामानव, कधी बंबवाले आजोबा, आणि कुणी सुचलं नाही की परत शीळकन्या. गोष्ट मात्र दरमहा तीच. दोन वीर भेटायचे, काहीतरी गैरसमज व्हायचा, अर्धा अंक एकमेकांना बुकलायचे आणि खलनायक कंटाळून निघून जायच्या बेताला आला की यांची दिलजमाई व्हायची. लोकांना हे आवडलं. का आवडलं ते लोकांनाच विचारा.

खप घसरला की ढुंढिराजांकडे एकच औषध होतं, पुन्हा 'अंक पहिला' छापायचा. आमच्या घराण्यात पहिले अंक इतके झाले, की कोण थोरला आणि कोण धाकटा हे आम्हालाच कळेना. एकदा तर त्यांनी तुफानवीराला मारून टाकलं. काळ्या चौकटीचा शोकविशेषांक निघाला, पोरं ढसाढसा रडली. पुढच्याच महिन्यात स्वारी हजर, तीही नवीन मिशा लावून. मेलेला माणूस परत कसा आला, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. मग 'पन्नासावा महाविशेषांक' मिरवायचा होता, म्हणून सगळे पहिले-दुसरे एकत्र मोजून आकडा हवा तिथे आणला.

त्या पन्नासाव्या अंकात त्यांनी नवीन शक्कल लढवली. गोष्ट अर्धीच सोडली. तुफानवीर नेहमीप्रमाणे गैरसमज करून रुसून निघून जातो आणि खलनायक शीळकन्येला मोठ्या काचेच्या रांजणात कोंडतो. रांजणाला झाकण, आत पाणी चढतंय, शिट्टी बाहेर येत नाही. शेवटच्या चित्रात पाणी तिच्या हनुवटीला लागलेलं. खाली छापलं होतं, पुढील अंकी पाहा.

पुढील अंक म्हणजे मी. आता माझी कहाणी ऐका. रंगीत कव्हरं शिवकाशीहून छापून यायची आणि एका मोठ्या कागदावर चार अंकांची कव्हरं एकदम बसवली तर स्वस्त पडायची. त्यामुळे गोष्ट लिहून व्हायच्या आधीच तिचं कव्हर छापखान्यात येऊन पडलेलं असे. माझं कव्हर आलं. त्यावर रांजण फुटतोय, शीळकन्या बाहेर झेपावतेय, असं झकास चित्र. आणि नेमकं तेव्हाच मासिक बुडालं. घरोघरी केबल आली होती, पोरं टीव्हीसमोर बसली होती. आतली गोष्ट कुणी लिहिली नाही, चित्रं कुणी काढली नाहीत.

कव्हरं मात्र होती. आणि पन्नासाव्या अंकाची न बांधलेली आतली पानंही ढिगाने पडून होती. ढुंढिराजांनी फर्मावलं, ही पानं त्या कव्हरात बांधा. बायंडर जरा चाचरला. म्हणाला, शेठ, पोटात जुनंच जातंय.

"वरचं बघून घेतात लोक," ढुंढिराज म्हणाले. "आत कोण बघतंय?"

असा मी जन्मलो, कव्हर एक्कावन्नचं आणि पोट पन्नासचं. आमच्यातले थोडे बाजारात गेले. ज्यांनी उघडले ते शिव्या देत परत आले, आणि बाकीच्यांची मालकांनी गुपचूप रद्दी केली. मी कुठल्याशा दुकानाच्या माळ्यावर राहिलो म्हणून वाचलो.

तिथून मला उचललं इंदिरानगरच्या शौनकने. शौनक संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि जुन्या चित्रकथा जमवतो. जमवतो म्हणालो हं, वाचतो नाही म्हणालो. त्याने मला हातमोजे घालून उचललं, पाठीला पुठ्ठा लावला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड सीलबंद केलं आणि काचेच्या कपाटात उभं केलं. 'वीरजोडीचा दुर्मीळ शेवटचा अंक' म्हणून माझे फोटो इंटरनेटवर टाकले. त्याच्यासारखीच माणसं खाली हात जोडून, डोळ्यांत बदाम काढून धन्य झाली. माझा कोपरा किती टोकदार, माझी पिन किती कमी गंजलेली, यावर पानंच्या पानं चर्चा. आत काय आहे, असं एकानेही विचारलं नाही. ढुंढिराज गेले, पण त्यांना माणसं बरोबर कळली होती, याचाच मला संताप येई.

एकाने मात्र विचारलं. तो नवनाथ. सिन्नरच्या एका शाळेत मास्तर आहे. फोटो पाहून त्याने निरोपावर निरोप पाठवले आणि एका रविवारी इंदिरानगरला येऊन सोफ्याच्या कडेवर बसला.

त्याची आई सुलाबाई सिन्नरला विड्या वळायची. गल्लीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन ओट्यावर बसायच्या आणि हात चालू असताना कान रिकामे राहतात म्हणून शाळेतून आलेल्या नवनाथला काहीतरी वाचायला लावायच्या. त्याने 'वीरजोडी' वाचली. पन्नासावा अंक तर इतक्या वेळा वाचला, की पानं तंबाखूच्या रंगाची होऊन गळून पडली. त्यातली शीळकन्या बायकांच्या जिवाला लागली. पाण्यात कोंडलेल्या पोरीचं पुढे काय झालं, हे त्या रोज विचारायच्या आणि नवनाथ स्टँडवरच्या स्टॉलवर पुढचा अंक आला का म्हणून चकरा मारायचा.

आता त्या बायकांतली सुलाबाईच उरली होती आणि तिला विसरायचा आजार लागला होता. जेवली की नाही ते आठवत नाही, सुनेचं नाव आठवत नाही. पण ती रांजणातली पोरगी आठवते. नवनाथ शौनकला म्हणाला, "हेही विसरायच्या आत तिला वाचून दाखवायचंय, सर. इथंच बसून वाचतो. फोटोसुद्धा काढणार नाही."

शौनकने त्याला सील म्हणजे काय ते समजावलं. एकदा फोडलं की अंकाची कंडिशन संपली. त्याबदल्यात कव्हरचा रंगीत प्रिंट काढून देऊ केला, स्वतःच्या खर्चाने. केवढं ते औदार्य. नवनाथ चहा घेऊन निघून गेला.

पुढच्या आठवड्यात तो आईलाच घेऊन आला. नाशिकला डॉक्टरकडे आणलं होतं, तिथून थेट इकडे. सुलाबाई सोफ्यावर बसली आणि तिची बोटं मांडीवर आपोआप पान वळू लागली. शौनकची बायको आभा पाणी घेऊन आली, तर म्हातारीने तिचा हात धरला आणि विचारलं, "त्या पोरीला भायेर काढलं का गं? लय वेळ झालाय."

शौनकने पुन्हा कंडिशनचं कीर्तन लावलं. आभा ऐकत उभी राहिली. मग ती स्वयंपाकघरात गेली, दुधाची पिशवी कापायची कात्री घेऊन आली, कपाट उघडलं आणि माझं सील सरळ कापून टाकलं. मला इतक्या वर्षांनी हवा लागली, पण आनंद कसला, मी भीतीने गारठलो होतो. माझ्या पोटात काय आहे, ते मला ठाऊक होतं.

नवनाथने मला उघडलं. पहिलं चित्र पाहताच त्याचा चेहरा उतरला. त्याला ती पानं तोंडपाठ होती. शौनक शेजारीच उभा होता, पण त्याला काही कळलं नाही. त्याच्याकडे पन्नासावा अंकही होता ना, तोही सीलबंद.

मी ओशाळून वाट पाहत होतो, की आता नवनाथ मला जमिनीवर आपटेल. मग त्याने घसा साफ केला आणि वाचायला लागला. पानावर तुफानवीर किल्ल्यावर भांडत होता आणि हा वाचत होता, की रांजणातलं पाणी नाकापर्यंत आलं. आभा त्याच्या मागे उभी होती. तिला पान दिसत होतं आणि तो काय वाचतोय तेही ऐकू येत होतं. तिने चकार शब्द काढला नाही.

"तेवढ्यात तुफानवीर आला," नवनाथने वाचलं.

"त्यो नको," सुलाबाई म्हणाली. "रुसून गेलता ना त्यो? त्याच्या जिवावर ऱ्हायली असती तर कवाच मेली असती. नीट वाच."

नवनाथने पान उलटलं आणि नीट वाचलं. पोरीने श्वास रोखला, पाण्याखाली बुडी मारली आणि तळाशी तोंड लावून अशी शीळ घातली, की रांजण बुडातून तडकला. सुलाबाईची बोटं थांबली. तिने मान हलवली आणि घटाघटा पाणी प्यायली.

शौनक मला परत पिशवीत घालणार, असं मला वाटलं. पण त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोडलेला अंक त्याच्या लेखी मेलेलाच. "घेऊन जा सर, आता काय उपयोग त्याचा," असं म्हणून त्याने मला देऊन टाकलं. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा अपमान, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता मी सिन्नरला असतो, सुलाबाईच्या उशाशी. माझे कोपरे दुमडलेत, कव्हरवर चहाचा डाग आहे. गोष्ट वाचून झाली हे ती दुसऱ्या दिवशीच विसरली, पण पोरगी रांजणात आहे हे विसरली नाही. त्यामुळे शाळेतून आला की नवनाथ मला उघडायचा आणि रोज नवीन सुटका वाचायचा. ढुंढिराजांनी जे कधी छापलं नाही ते या घरात रोज निघत होतं, आणि कुठेही गैरसमज नाही, मारामारी नाही. मी ऐकत पडून राहायचो. तोंड वाकडं करायची माझी सवय मोडत चालली होती.

आज नवनाथ आला, चूळ भरून जवळ बसला, तर सुलाबाईने काहीच विचारलं नाही. त्याने वाट पाहिली. मग तोच म्हणाला, आई, त्या रांजणातल्या पोरीचं वाचू का?

"कोन पोरगी?" सुलाबाई म्हणाली.

नवनाथ मला हातात धरून नुसता बसला. कपाटात राहून मी माणसांना पुष्कळ नावं ठेवली, पण त्या घटकेला मला कुणाचीच टवाळी सुचली नाही.

मग त्याने मला पहिल्या पानावर उघडलं आणि जे छापलंय ते, अगदी शब्दन् शब्द, वाचायला सुरुवात केली. पहिल्यापासून. शीळकन्या कोण, कुठली, तिच्या शिट्टीने दगड कसे फुटतात, तुफानवीर का रुसला. लबाडीने माझ्या पोटात भरलेली ती पानं होती, आणि मला पहिल्यांदाच त्यांची लाज वाटली नाही. हळूहळू सुलाबाईची बोटं मांडीवर वळू लागली. शेवटचं पान आलं. पाणी पोरीच्या हनुवटीला लागलं. नवनाथने वाचून संपवलं आणि मला मिटलं.

वाचकहो, माझं मागणं एवढंच, घरात जे सीलबंद ठेवलं असेल ते फोडा. निरोप घेतो, कारण सुलाबाई उठून बसली आहे आणि तिने नवनाथच्या हातावर जोरात चापट मारली आहे.

"मिटतो काय, मेल्या?" ती म्हणतेय. "पोरगी पान्यात हाय ना अजून."