समुद्रस्नान मंडळाची प्रतीक्षायादी

मंत्रीबाई सोमवारी टीव्हीवर म्हणाल्या, "बाहेरून आलेली ही माणसं आपल्या देशात राहतात, पण आपल्या मंडळांत कधी दिसतात का?" गुरुवारपर्यंत हे वाक्य बंदरावरच्या प्रत्येकाला स्वतःचंच वाटू लागलं. मासळीवाल्यानेही मासे कागदात गुंडाळता गुंडाळता ते इंगर-लिसला ऐकवलं.

शनिवारी हिवाळी समुद्रस्नान मंडळाची वार्षिक सभा होती. ही मंडळी हिवाळाभर बर्फगार समुद्रात डुबकी मारून वाफेच्या खोलीत ऊब घेत; तिथली बाकं मोजकीच, म्हणून सभासद दीडशेच. कॉफी, दालचिनीचे पाव आणि अध्यक्ष एगॉन.

"मंत्रीबाई खोटं नाही बोलल्या," एगॉन म्हणाला. "आपलंच बघा. दीडशे सभासद, पण त्यांच्यातलं कोणीही नाही. त्यांना आपल्यात यायचंच नाही! मग आपणही नियम करू. यापुढे दोन सभासदांची शिफारस असेल तरच प्रवेश."

माना डोलल्या. इंगर-लिसने मांडीवरची वही उघडली. प्रतीक्षायादी तिच्याकडे असायची आणि यादीत पहिलं नाव रनीमचं होतं. दवाखान्यात दर तीन महिन्यांनी इंगर-लिसचं रक्त काढणारी ही सीरियन मुलगी सुई टोचताना हमखास विचारायची, "माझा नंबर कितवा?" नियम झाला तर तिची शिफारस एकटी इंगर-लिस करणार, दुसरं कोणी तिला ओळखतच नव्हतं. आणि इंगर-लिस एकोणीस वर्षांत सभेत एकदाही बोलली नव्हती.

तिने हात वर केला.

"कॉफी हवी का गं, इंगर?" एगॉनने विचारलं.

"नको. यादी वाचायची आहे."

ती उभी राहिली आणि तिने नुसते आकडे सांगितले. यादीत नावं एकसष्ट. त्यांत बाहेरून आलेल्यांची चौदा. सर्वांत जुना अर्ज साडेचार वर्षांपूर्वीचा. तेवढ्या काळात रिकाम्या झालेल्या जागा नऊ.

"नऊच?" मागून कोणीतरी ओरडलं.

"आपल्याकडे मंडळ सोडतंय कोण? वरून बोलावणं आलं तरच जागा होते. आणि रोज गार पाण्यात डुंबणाऱ्यांना तेही लवकर येत नाही."

सभागृहात हशा पिकला.

"म्हणजे मी मेलो की ही मंडळी आत येणार?" एगॉन फणकारला.

"तुझी तब्येत ठणठणीत आहे, तिथेच तर अडलंय."

त्याची बायको ग्रेथे डोळे पुसत म्हणाली, "आणि काय रे, तू परगावाहून आलास तेव्हा इथे तुला ओळखत होतं कोण? दोन शिफारशी कुठून आणल्या असत्यास?"

एगॉन कानापर्यंत लाल झाला. मतदान झालं: नियमाच्या बाजूने एकोणीस, विरुद्ध बावन्न. हात त्याने दोनदा मोजले. मग जरा घुटमळून तोच म्हणाला, "मंगळवारी सकाळी वाफेच्या खोलीतली बाकं रिकामीच असतात. फक्त सकाळपुरते वीस सभासद घेता येतील. यादीच्या क्रमानेच हां!" या वेळी हात मोजायची गरज पडली नाही.

इंगर-लिसने दारातूनच रनीमला फोन लावला. "जागा झाली! मंगळवारी ये."

"अरेरे, कोण गेलं?"

"कोणी नाही गं, सगळे धडधाकट आहेत!"

रनीम आनंदाने किंचाळली. मग तिने सावधपणे विचारलं, "पाणी किती गार असेल हो?"

"दोन अंश."

पलीकडे रनीमने तो आकडा पुन्हा पुटपुटून पाहिला.

"मी अर्ज भर उन्हाळ्यात, जुलैत केला होता," रनीम म्हणाली. "माझ्यामागे किती जण आहेत?"

"साठ."

"मग येते. नाव काढू नका!"