हॉट स्लॅब्जच्या रेकॉर्डवरची पाहुणेमंडळी

पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात मर्व्ह टनिक्लिफ ओरडला की बंदरातल्या बोटीवरचे लोक कामाला लागत, असं गावात सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं. पण भट्टीशेजारी कानात बोळे घालून उभ्या असलेल्या माणसाला मान वळवायला लावील इतका तो आवाज नक्की होता, आणि त्याच आवाजाच्या जिवावर ‘हॉट स्लॅब्ज’ या बँडने एके काळी किनाऱ्यावरचा एकूण एक पब हलवून सोडला होता. त्यातल्या एका पबाचं छत खाली आलं, ते वाळवीमुळे. बँडने श्रेय घेतलं, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात मर्व्हच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बोला, मिस्टर टनिक्लिफ, खुशाल बोला. गाण्याचं म्हणाल तर...” आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. घरी येऊन मर्व्हने न्हाणीघराचं दार लावलं आणि वरचा सूर लावून पाहिला. बाहेरून बायकोने विचारलं, “नळ बिघडला का परत?” त्यानंतर त्याने तो प्रयोग केला नाही.

नेमकं तेव्हाच सिडनीच्या एका कंपनीला हॉट स्लॅब्जची आठवण झाली. जुने बँड पुन्हा चालायला लागले होते, तशी जुनी कपाटंही चालतात. कंपनीने नवी रेकॉर्ड काढायची तयारी दाखवली आणि तीन म्हातारे चेहरे एकदम उजळले. ड्रम वाजवणारा डेस अहर्न बायको गेल्यापासून गप्प गप्प असे, तो टेबलाच्या कडेवर बोटं आपटू लागला. गिटारवाल्या ब्लागोया स्टोयानोव्स्कीने टोमॅटोच्या वाफ्यांकडे पाठ फिरवली, आणि मॅसेडोनियन माणूस टोमॅटोकडे पाठ फिरवतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं. बेस वाजवणारी नोएलीन शाळेच्या कॅन्टीनमधून निवृत्त झाली होती, तिने सांधेदुखीच्या गोळ्या बदलून घेतल्या.

या तिघांसमोर ‘माझा आवाज गेला’ म्हणायचं म्हणजे फुंकर घालून तीन दिवे विझवायचे. मर्व्हच्याने ते झालं नाही. गाणारा नसेल तर बँड कसला आणि रेकॉर्ड कसली? तो म्हणाला, “आवाज राखून ठेवलाय.” मुरांबा राखून ठेवावा तसा. तिघांनी माना डोलावल्या.

सुदैवाने कंपनीची अट होती की रेकॉर्डवर दोन-तीन पाहुणे कलाकार हवेत. हल्ली तशी पद्धत आहे. ही अट ऐकून मर्व्हला इतका आनंद झाला की त्याला तो खोकल्यात लपवावा लागला.

आता पाहुणे ठरवायचे कसे? पबमध्ये चौघं बसले की शाउट फिरते. ज्याची शाउट, त्याने सगळ्यांना पाजायचं. पाजणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि आपली पाळी चुकवायची नाही; पाळी चुकवणाऱ्याचं नाव त्या गावात नातवंडांपर्यंत निघतं. हॉट स्लॅब्जचा सगळा कारभार याच नियमावर चालत आलेला. ज्याची शाउट, त्याचा शब्द. याच पद्धतीने त्यांनी एकदा बँडची गाडी विकून बोट घेतली होती, आणि बोटीतून ड्रम न्यायचे कुठे हा प्रश्न पुढच्या शाउटवर सोपवला होता.

पहिली शाउट मर्व्हची आली. त्याने इंडिगो फॅरेलचं नाव घेतलं. ही जवळच्याच थिरूल गावची पोरगी, तिची गाणी अख्खा देश ऐकतो. “माझं एखादं गाणं तिने म्हटलं तर काय बिघडलं?” मर्व्ह म्हणाला. कोणाचंच काही बिघडलं नाही. ब्लागोयाने आपल्या शाउटला चुलतभाऊ ट्रायकोला बोलावलं. ट्रायको कातड्याची पिशवी फुगवून वाजवायचं गावाकडचं वाद्य वाजवी. नोएलीनने चर्चमधल्या बायकांचा गायनवर्ग सांगितला. डेसने कारखान्याच्या जुन्या पितळी बँडमधला ट्यूबावाला सुचवला. ट्यूबा म्हणजे माणसाने अंगात घालायचं सर्वांत मोठं वाद्य.

इथवर ठीक होतं. पण पाहुण्याला पाजलं की पाहुणाही पाळी घेतो, आणि शाउटला नाही म्हणता येत नाही. इंडिगोने आपल्या पाळीला स्वतःचा ड्रमवाला आणला. ट्रायकोने जावई आणला. ट्यूबावाल्याने दुसरा ट्यूबावाला आणला. गायनवर्गातल्या बायका संख्येने इतक्या होत्या, की त्यांची पाळी येऊ लागल्यावर कंपनीने घाईघाईने फोन करून विचारलं, “हा बँडच आहे ना अजून?”

रेकॉर्डिंग वॉरावाँगच्या बोल्स क्लबच्या हॉलमध्ये चाललं होतं. बाहेर हिरवळीवर मंडळी जड चेंडू घरंगळवत असत आणि गवत कापायचं यंत्र सुरू झालं की आत सगळे थांबत. ध्वनिमुद्रण सीना लेओटा बघत होती. ही सामोअन बाई अंगापिंडाने भक्कम, बोलायला मोजकी. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची कला तिने मोठमोठ्या गायकांसमोर बसून कमावली होती.

मर्व्हचे दिवस मजेत चालले होते. इंडिगो येई, “मिस्टर टनिक्लिफ, या ओळीत तुम्ही श्वास कुठे घेता?” असं अदबीने विचारी, आणि काचेपलीकडे जाऊन त्याचं गाणं त्याच्यापेक्षा बरं म्हणे. तो मान डोलावी. एक गाणं कमी झालं, असं मनात म्हणे. पण कमी होत होत एक गाणं उरणारच होतं, हेही त्याला ठाऊक होतं. ते होतं ‘भोंगा’.

सगळं ऐकून बघायचं ठरलं त्या दिवशी चौघं काचेच्या खोलीत सीनाच्या मागे ओळीने बसले. सहावं गाणं लागलं आणि सगळे सरसावून बसले. असं जमलेलं गाणं त्यांनी तरुणपणीही वाजवलं नव्हतं.

“डेस,” नोएलीन म्हणाली, “तुझा ठेका इतका सरळ मी जन्मात ऐकला नाही.”

“सराव केला की होतं,” डेस विनयाने म्हणाला. “पण बेस बघ ना. जमीन हालतेय नुसती.”

“नव्या गोळ्या,” नोएलीन म्हणाली.

ब्लागोयाने डोळे मिटून घेतले होते. “तो मधला तुकडा ऐकलात? माझ्या बापाचं गाव आठवलं मला.”

सीनाने गाणं थांबवलं. “एक सांगू? या गाण्यात तुमच्यापैकी कोणी नाही.”

हॉलबाहेर चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज आला.

“म्हणजे?” डेसने विचारलं.

“ड्रम इंडिगोच्या माणसाचे आहेत. पाहुण्याला बसू दे म्हणून तुम्हीच उठलात. बेसच्या जागी दोन ट्यूबा आहेत. मधला तुकडा ट्रायकोचा. गायली इंडिगो. तुम्ही चौघं तेव्हा बाहेर बाकावर बसून बोल्स बघत होता. मी हाकही मारली होती. तुम्ही म्हणालात, ‘त्यांचं होऊ दे आधी.’”

घरच्या कार्यात पाहुणे जेवेपर्यंत उभं राहावं, आणि मग बघावं तर पातेली पालथी, तसं झालं.

“पण झालंय छान,” शेवटी ब्लागोया म्हणाला.

“छान झालंय म्हणूनच वाईट वाटतंय,” नोएलीन म्हणाली.

मग चौघं क्लबच्या बारमध्ये गेले. शाउट ब्लागोयाची होती. त्याने चार ग्लास टेबलावर ठेवले, मिशी पुसली आणि म्हणाला, “शेवटचं गाणं ‘भोंगा’. पाहुणा एकही नाही. आपण चौघं. आणि मर्व्ह, गाणार तू.”

‘भोंगा’ म्हणजे कारखान्याच्या पाळीचं गाणं. दिवसभर भट्टीपुढे भाजलेली माणसं भोंगा वाजायची वाट बघतात, आणि धृपदात तो भोंगा मर्व्हच्या गळ्यातून वाजे. एक लांबलचक आरोळी. लोक तिकीट काढून तेवढ्यासाठीच येत. बाकीच्या गाण्यात बिअर आणायला जात.

“इंडिगोला विचारू या की,” तो म्हणाला. “पोरीला आवडेल.”

“शाउट कोणाची आहे?” ब्लागोयाने विचारलं.

“मग थांब, माझी पाळी येऊ दे.”

“तुझी पाळी काल दोनदा झाली,” नोएलीन म्हणाली. “मुकाट्याने पी.”

मर्व्ह प्याला. आता सांगून टाकावं, असं त्याच्या मनात तीनचारदा आलं. पण डेस टेबलावर बोटं आपटत होता, अगदी हलकेच, आणि गेल्या दोन वर्षांत त्याचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता. मर्व्हने ठरवलं की काचेपलीकडे उभं राहायचं, तोंड उघडायचं, जे निघेल ते निघू द्यायचं. निदान सगळ्यांना एकदमच कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माइकपुढे उभा राहिला तेव्हा काचेमागे अख्खी पाहुणेमंडळी गोळा झाली होती. इंडिगो, ट्रायको आणि जावई, दोन्ही ट्यूबावाले, चर्चच्या बायका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बोलावलेल्या पाहुण्यांपेक्षा न बोलावलेले पाहुणे नेहमीच वेळेवर येतात.

मर्व्हने घसा खाकरला. डेसने काठ्या आपटून सुरुवात दिली.

आणि गाणं भलत्याच जागी सुरू झालं.

गिटार खालच्या सुरात होती. बेस त्याहून खाली, तळघरात कोणीतरी कपाट सरकवावं तसा. मर्व्हला वाटलं, ब्लागोयाच्या तारा उतरल्यात. पण तारा एकट्याच्या उतरतात, दोघांच्या नाही, आणि चूक इतकी सुबक बसत नाही. ज्या सुरावर तो आयुष्यभर शिडी लावून चढला, तो सूर आज त्याच्या छातीएवढ्या उंचीवर आणून ठेवला होता. हात लांब करायचा आणि घ्यायचा.

त्याने नोएलीनकडे पाहिलं. सांध्यांना सुजलेली तिची बोटं नव्या जागांवर फिरत होती, आणि ती बोटांकडे बघतही नव्हती. म्हणजे हे काल रात्रीत बसवलेलं नव्हतं. ती मर्व्हकडेही बघत नव्हती. तिघंही मुद्दाम तिसरीकडेच बघत होते.

मर्व्ह गायला. आवाज वाळूवरून बोट ओढावी तसा निघाला, पण निघाला. पहिलं कडवं पार पडलं, दुसरं कडवं पार पडलं, आणि गाणं आरोळीच्या जागेपाशी आलं. तिथे तिघंही थांबले. ड्रम नाही, गिटार नाही, काही नाही. एवढीशी मोकळी जागा त्याच्यासाठी ठेवलेली, जेवणाच्या पंगतीत मागाहून येणाऱ्यासाठी ठेवतात तशी.

आरोळी येणार नव्हती, हे मर्व्हला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं, हे त्याला आत्ता कळलं. इतकी वर्षं तो भोंगा होऊन किंचाळत होता. भोंगा नेमकं काय सांगतो, ते म्हणायची वेळ कधी आली नव्हती. तो माइकजवळ सरकला आणि दमलेल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाला, “झालं रे. चला घरी.”

मग डेसने ठेका दिला आणि गाणं पुढे चालू लागलं.

शेवटचा सूर विरल्यावर काचेमागे चर्चच्या बायका डोळे पुसताना दिसल्या. ट्यूबावाले एकमेकांच्या ट्यूबाआड गेले होते. सीनाने बटण दाबून एवढंच विचारलं, “दुसऱ्यांदा घ्यायचं आहे का कोणाला?” तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण तिने विचारण्याआधी दोनदा बटण चुकवलं.

“मला घ्यायचंय,” डेस म्हणाला. “मी दुसऱ्या कडव्यात चुकलो.”

“तू गेली चाळीस वर्षं तिथे चुकतोस,” ब्लागोया म्हणाला. “राहू दे.”

मर्व्हने कानावरचे हेडफोन काढले. “पट्टी कधी उतरवलीत?”

“ईस्टरला,” ब्लागोया म्हणाला. “जाड तारा मागवाव्या लागल्या. माझ्या शेडमध्ये वाजवायचो. टोमॅटो गेले सगळे.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू कुठे सांगितलंस?” नोएलीन म्हणाली.

“मग कळलं कसं?”

“अरे, बारमध्ये बिअर मागताना तू हात वर करायला लागलास. जन्मभर ओरडून मागायचास. बारवाल्यांनी आम्हाला विचारलं, ह्याचं कोणी गेलंय का?”

“आणि मग ते पाहुणे?” मर्व्हने विचारलं. “ट्रायको? ट्यूबा? ह्या सगळ्या बायका?”

“तू एकट्यानेच पाहुणे बोलावले असतेस, तर गाणं टाळतोयस हे दिसलं असतं ना,” डेस म्हणाला. “म्हणून आम्हीही बोलावले. पुढे जरा हाताबाहेर गेलं.”

काचेमागून इंडिगोने हात हलवला. तिला सगळं ठाऊक असणार. ह्या हॉलमध्ये काहीच न कळलेला माणूस एकच होता, आणि तो मोठ्या हुशारीने सगळ्यांपासून लपवत होता.

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्या गावात माणसाच्या तोंडावर आभार मानले तर तो घरी जाऊन विचारतो, आपल्याला काही रोग तर झाला नाही ना. मर्व्हने शब्द जुळवून पाहिले, खोडले, परत जुळवले. शेवटी तो म्हणाला, “बरं वाजवलंत तुम्ही.”

तिघं अवघडून उभे राहिले. डेसने काठ्या पिशवीत घातल्या आणि पुन्हा बाहेर काढल्या. ब्लागोया गिटारची कुठलीशी खुंटी पिळू लागला, जी पिळायची काही गरज नव्हती.

“इतकं बोलू नकोस,” नोएलीन म्हणाली. “गळ्याला त्रास होईल.”