निळ्या टोपणाच्या दोन नळ्या

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई नाकावर माशी बसू देत नसत. रक्त गोठण्याच्या तपासणीची निळ्या टोपणाची नळी रेघेपर्यंत भरलेली नसेल, तर ती सर्वांदेखत कचऱ्यात जाई आणि पाठोपाठ आणणाऱ्याची अब्रूही. सख्खी भाची हाताखाली होती, तिलाही सवलत नव्हती. उलट तिच्या वाट्याला एक टोमणा अधिकच येई.

भाचीची आई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असे. या महिन्यात तिच्या तपासणीत रक्त गोठायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. भाचीनेच काढून आणलेली नळी रेघेबरहुकूम भरलेली होती. 'नमुना योग्य' असा शेरा लिहून बाईंनी झोकात सही ठोकली. डॉक्टरांनी आठ दिवस गोळी बंद केली. पाचव्या दिवशी गुठळी मेंदूत गेली. थोरलीची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली.

बाईंनी नोंदवही काढली. बहिणीच्या नावावर निळ्या नळ्या दोन गेल्या होत्या. परत आली होती एक.

"दुसरी कुठं आहे?" त्यांनी भाचीला विचारले.

"पहिलीत ओतली," भाची म्हणाली. "दोन्ही अर्ध्याच भरल्या होत्या. आई म्हणाली, आता तिसऱ्यांदा टोचू नकोस गं."

"अगं, प्रत्येक नळीत रक्त न गोठण्याचं औषध आधीच घातलेलं असतं. एका नळीचं रक्त आणि दोन नळ्यांचं औषध! ते वेळेवर गोठणार कसं? एवढंही शिकवलं नव्हतं मी?"

"शिकवलं होतंत."

"मग अर्धी नळी घेऊन सरळ माझ्याकडे का नाही आलीस?"

भाचीने मान वर केली. "तुमच्याकडे, मावशी? अर्धी नळी घेऊन?"

बाईंनी नोंदवही मिटली.

गोळी पुन्हा सुरू झाली होती. आता मात्रा चुकून चालणार नव्हती. तपासणीचे रक्त काढायला बाई स्वतः वॉर्डात गेल्या. चाळीस वर्षांचा हात होता. बहिणीच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. रक्त आले, अर्ध्यावर रेंगाळले आणि थांबले. थोरली टक लावून नळीकडेच पाहत होती.

बाईंनी ती नळी कचऱ्यात टाकली आणि नवी घेतली.

"ताई, एकदाच. आता मी नीट काढते."

थोरलीने डावा हात हळूच ओढून पांघरुणाखाली घेतला. नाही म्हणू न शकणारा उजवा तेवढा बाईंसमोर पडून राहिला.