कथलाचा कप

कपाचा तुटलेला कान बसवायला भिवाने तो भट्टीवर धरला आणि बघता बघता त्याचा काठ मेणासारखा लोंबला. चिमटा मागे घेईपर्यंत अर्धा कप निखाऱ्यांत ओघळला होता. 

सकाळपासून तो पितळेच्या समयांना डाख लावत होता. पितळ बेटं आडदांड, लाल होईतो दाद देत नाही. कथील मात्र जराशा आचेने हाय खातं. हे अख्ख्या काळाचौकीत भिवाहून कोणाला ठाऊक? मंडळाच्या हुतूतूच्या सामन्यांसाठी हा कप त्यानेच तर ओतला होता. पण थकलेला हात सवयीने चालला.

कप जाईबाईच्या मुलाचा, लवूचा; त्यानेच तो जिंकला होता. गेल्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेला लवू गोळीबारात गेला. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता. उद्या वर्षश्राद्ध. पाटावर कप मांडायचा म्हणून म्हातारीने तो पदरात गुंडाळून आणून दिला होता.

तिला सांगायची भिवाची छाती झाली नाही. त्याने राखेतून कथील वेचलं, थोडं नवं मिसळलं, माळ्यावरचा जुना साचा काढला आणि कप पुन्हा ओतला. लवूचं नाव कोरलं, राखेने घासून चकाकी मारली. अंग आंबून गेलं होतं. धातू तोच, साचा तोच, असं तो मनाशी घोकत राहिला.

संध्याकाळी जाईबाई आली. कान तिने पाहिलाच नाही. तिचा अंगठा कपाच्या बुडाशी गेला, थांबला, पुन्हा फिरला; तिथे चेपल्याची खूण नव्हती.

“भिवा, हयसर पोचो होतो,” ती म्हणाली. “लवू जिंकान इलो त्या दिवशी जिन्यावरसून पाडल्यान.”

“माझ्या हातून कप वितळलो, काकी.”

ती कप पदराखाली घेऊन निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर भिवाला बरं वाटलं असतं.

त्याचा गाळा चाळीच्या जिन्याखालीच. तो निखारे विझवत होता, तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी पायऱ्यांवर आपटत खाली आलं. पितळ ठणठणतं; हा आवाज बद्द, कथलाचा. मागोमाग जाईबाईची पावलं सावकाश उतरली, आणि तशीच पुन्हा चढली.

भिवा हातातलं पाणी तसंच धरून उभा राहिला.

थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा आला.