दोऊ पार की माई

“दोन्हीकडच्या आया कायले, मास्तर? आपल्याकडचीच म्हणा ना!” बबनराव पान थुंकून म्हणाले. “त्यात तुमचं नाव मोहिउद्दीन. लोक काय म्हणतीन?”

लोकांचं नाव पुढे करायचं आणि आपलं विष ओकायचं, ही त्यांची जुनीच खोड. पुसदला नयनच्या पहिल्या पुण्यतिथीचा कार्यक्रम त्यांनीच अंगावर घेतला होता. नयन तानाबाईचा एकुलता एक. मागच्या लढाईत सीमेवर मारला गेला. दहन झालं, भाषणं झाली, पण त्या माउलीच्या डोळ्यांतून टिपूस नाही.

माझी पिठाची गिरणी मास्तरांच्या घराला लागून. मी त्यांच्याकडे गाणं शिकते. नयन गेल्यावर मास्तरांनी मारवा रागात बंदिश बांधली, ‘दोऊ पार की माई, बाट तके दीप धरे’. सीमेच्या अल्याडची आई, पल्याडचीही, दोघी दिवा धरून वाट बघतात. एका सांजेला दळण न्यायला आलेल्या तानाबाईनं ती ऐकली आणि मास्तरांच्या ओट्यावर बसून हंबरडा फोडला. अगं माय, काय रडली! उठताना म्हणाली, “माह्या पोराच्या दिवशी हेच म्हणा, मास्तर. बाकी कशानं मले रडू येत नाई.” मास्तरांनी शब्द दिला होता.

“एकाच आईचं रडणं ठेवलं त बंदिश उरते काय?” मास्तरांनी बबनरावांना विचारलं. “शब्द नाई बदलनार.”

“मंग राहू द्या. आम्ही आर्केस्ट्रा सांगतो.”

पुण्यतिथीच्या दिवशी आर्केस्ट्रानं काय करावं? मास्तरांचीच चाल उचलली! ‘दोऊ पार की माई’चं ‘वीर पुत्र की माई’ केलं, वर ढोल बडवला. लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. स्टेजवर शाल-नारळ घेऊन बसलेल्या तानाबाईनं मला खुणेनं बोलावलं.

“बेबी, मास्तरचं कवा हाय वो?”

“हेच होतं, मावशी.”

“हे?” ती म्हणाली.

मांडव रिकामा झाला. मास्तर शेवटच्या खुर्चीवर बसले होते. तानाबाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

“आता म्हणा, मास्तर.”

मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं. दिवेलागण होऊन गेली होती. मारवा सूर्य बुडतानाचा राग. वेळ टळल्यावर गायचा नाही, ही त्यांच्या उस्तादांची शपथ, आणि ती त्यांनी जन्मभर पाळलेली.

“वेळ गेली, माय.”

माझं डोकंच फिरलं. “आग लागो तुमच्या वेळेले! तिचं पोरगं काय वेळ पाहून मेलं?”

मास्तरांनी मान खाली घातली. ओठ हलले, पण सूर लावला नाही. बबनरावांना शिव्या तरी देता येतात. या माणसाला काय द्यायचं?

“राहू दे वो बेबी,” तानाबाई म्हणाली. “नेम हाय त्यायचा.”

तिनं शालीची घडी घातली, नारळ पिशवीत टाकला आणि कोरड्या डोळ्यांनी घराकडे निघाली.