सहा तारखेचा बंदोबस्त

विजयाबाईंनी पावती टेबलावर ठेवली आणि तिच्या घड्या तळहाताने दाबून सपाट केल्या. प्रिंटरच्या कागदाची कडेची भोकांची पट्टी अजून पावतीला तशीच चिकटलेली होती. हात काढला की कागद पुन्हा दुमडू लागे, म्हणून त्यांनी त्याच्या टोकावर बोट ठेवले आणि ते तिथेच राहू दिले.

"मी शुक्रवारीच आली होती," त्या म्हणाल्या. "सहा तारखेले. दुर्गच्या कोर्टातून वारसाचा कागद अकरा वाजता भेटला अन् मी सरळ इथंच आली. घरी सुद्धा नाई गेली."

गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष गुलाबराव ढोबळे यांनी चष्मा नाकावर चढवला आणि बोटाखालचा आकडा वाचला.

"पावतीवर सात मार्च आहे, बाई. अर्जाची शेवटची तारीख सहा होती."

"मले लिहिता-वाचता येते, भाऊ. सात हाय ते दिसते मले. पण मी सहाले आली होती."

कमिटीचे पाच जण टेबलाभोवती बसले होते. रविवारची सकाळ, होळी होऊन चार दिवस झालेले, एकाच्या कानामागे अजून हिरवा रंग. भिलाईत रुआबांध्याच्या बाजूला संस्थेची जमीन होती आणि तीतले सहा प्लॉट विधवांसाठी राखून ठेवलेले होते. विजयाबाईंचे यजमान मारोतराव गोतमारे नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत वजनकाट्यावर कारकून होते. मागच्या उन्हाळ्यात काविळीने गेले. नंदिनी नगरातले क्वार्टर मेअखेर रिकामे करायचे होते. प्लॉट मिळाला तर त्यावर दोन खोल्या उभ्या राहतील, दोन्ही मुलींची शाळा सुटणार नाही. नाही मिळाला तर आर्वीला दिराच्या घरी पडवीत संसार मांडायचा. ही पडवी त्यांनी पाहिलेली होती. सुगीत तिथे कापूस भरत.

टेबलाच्या टोकाला दिवाकर वैरागडे बसला होता. पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात तो सोळा वर्षे लोकांची हजेरी मोजत होता, आणि संस्थेच्या संगणकाचे सगळे तोच बघे, मानद. पावतीवरची तारीख त्याने तिथूनच, उलटी वाचली. त्याचे पाय टेबलाखाली एकमेकांत अडकले.

त्याला सगळे कळायला तेवढा एक आकडा पुरला.

सेक्टरमधल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात एक संगणकप्रेमींचा गट होता. कमिटीतले दोघेच त्यात, दिवाकर आणि गुलाबराव. बारा सभासद, आणि संगणक मोजून पाच. दिल्लीहून येणारे संगणकाचे मासिक एकच, त्यामुळे त्यांनी एक वही काढली होती. कुणी मासिकातले, वर्तमानपत्रातले कात्रण तीत चिकटवायचे, डाव्या पानावर शंका लिहायची आणि वही पुढच्या क्वार्टरमध्ये पाठवायची. उजव्या पानावर ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचे. पंधरा दिवसांत वही सगळी घरे फिरून परत येई. फ्लॉपीला बुरशी लागली तर काय करावे, व्होल्टेज कमी-जास्त झाले तर कोणता स्टॅबिलायझर घ्यावा, असल्या शंका. बहुतेक उत्तरे दिवाकरची. अक्षर मोत्यासारखे, खाली लफ्फेदार सही. दुसऱ्याच्या मशीनवर शिकलेला हा माणूस साऱ्या गटाचा गुरू झाला होता आणि ते त्याला मनापासून आवडत होते.

फेब्रुवारीत त्या वहीला ताप चढला. एका इटालियन चित्रकाराच्या नावाचा कुठलासा व्हायरस निघाला होता. त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, सहा मार्चला, जो कोणी मशीन चालू करील त्याची सारी माहिती पुसली जाणार, जगात लाखो संगणक बसणार, अशी कात्रणांवर कात्रणे चिकटली. एका सभासदाने विचारले होते की घरात लहान मुले असतील तर त्यांना मशीनपासून लांब ठेवावे का. दुसऱ्याने मशीनला हळदीकुंकू लावून वर चादर घातली होती आणि ती दहा तारखेपर्यंत काढणार नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटायला सगळे तयार, आणि साप भिलाईपर्यंत आला आहे की नाही हे बघायची अक्कल एकालाही नाही.

दिवाकरने उजव्या पानावर तोडगा लिहिला. पाच तारखेला संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी तारीख एक दिवस पुढे करावी, म्हणजे मधल्या रात्री मशीन बंद असतानाच तिच्या लेखी सहा तारीख निघून जाईल. सकाळी मशीन उठेल ती सातलाच. सहाच्या संध्याकाळी तारीख पुन्हा मागे घ्यावी आणि मशीन बंद करावी. खाली त्याने लिहिले, 'संस्थेच्या मशीनवर मी स्वतः आज हाच बंदोबस्त केला आहे. शंभर टक्के सुरक्षित. ५ मार्च १९९२.' त्याखाली चौघांनी 'उत्तम' म्हणून सह्या केल्या होत्या. त्यांतली एक गुलाबरावांची होती.

सहा तारखेला संस्थेच्या मशीनला काही झाले नाही. सात तारखेलाही नाही. गटाच्या आठ तारखेच्या बैठकीत दिवाकरसाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"ओमप्रकाश, बाई कधी आल्या होत्या?" गुलाबरावांनी विचारले.

काउंटरवरचा ओमप्रकाश दाराशी उभा होता. त्याने डोके खाजवले.

"साब, दिन याद नहीं. शुक्र-शनि दोनों दिन मैं ही बैठा था. एप्लीकेशन वाली ये अकेली थीं, बाकी सब मेंटेनेंस भरने वाले. मैं तो जो मशीन छापे वो फाड़ के दे देता हूँ."

"हे पाहा कोर्टाचा कागद," विजयाबाईंनी पिशवीतून दुसरी घडी काढली. "यावर सहा तारखेचा शिक्का हाय."

"तो कोर्टाचा शिक्का झाला," एक सभासद म्हणाला. "तिथून निघून तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, असंही असू शकते."

"कावून येईन मी दुसऱ्या दिवशी? दुर्गहून नंदिनीले जाईन अन् पुन्हा इथं येईन? बसनं?"

"तिकीट आहे का बसचं?"

विजयाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. बसचे तिकीट सोळा दिवस जपून ठेवणारे माणूस त्यांनी आयुष्यात पाहिले नसावे.

गंमत अशी, की पुरावा त्याच खोलीत होता. दिवाकरच्या पाठीशी लोखंडी कपाट, त्यात मार्चच्या पावत्यांच्या नकलांचा गठ्ठा. कुणी तो काढला असता तर सहा मार्चची एकही पावती त्यात निघाली नसती. पाचनंतर एकदम सात, आणि सातच्या दुप्पट. पण तो गठ्ठा बघावा हे सुचण्याएवढे संगणकाचे ज्ञान टेबलाभोवती एकालाच होते.

आणि नियमही त्याचाच. हाताचे शिक्के होते तेव्हा साहेबांचे साले-मेहुणे मागच्या तारखेने यादीत घुसत. मागच्या वर्षी ते प्रकरण दुर्गच्या कोर्टात गेले होते. तेव्हा दिवाकरनेच ठराव मांडला होता, की यापुढे हाताची तारीख चालणार नाही, मशीन छापेल तीच अखेरची. मशीनला मेहुणा नसतो, असे तो तेव्हा म्हणाला होता आणि लोक हसले होते.

"दिवाकर, तुम्हीच सांगा," गुलाबराव म्हणाले. ते पावतीकडे बघत होते, दिवाकरकडे नाही. "मशीनची तारीख चुकू शकते का?"

विजयाबाई त्याच्याकडे वळल्या. मारोतरावांबरोबर दिवाकर कधीकाळी एकाच खानावळीत जेवला होता. त्या त्याला भाऊजी म्हणत. इतका वेळ पावतीवर असलेले त्यांचे बोट त्यांनी आता काढले. कागद पुन्हा दुमडला.

त्याने एक वाक्य बोलायचे होते. 'तारीख मी बदलली होती.' लहान पोरालाही जमावे इतके सोपे. पण येत्या गुरुवारी प्लांटच्या संगणक विभागात त्याची मुलाखत होती. सोळा वर्षांनी टाइम ऑफिसातून सुटायची ही पहिली आणि बहुधा शेवटची संधी. कुणाला न विचारता संस्थेच्या मशीनची तारीख फिरवणारा माणूस, ही ख्याती तिथे पोचायला अर्धा दिवस लागला नसता.

"मशीन आपल्या मनानं तारीख बदलत नाही," दिवाकर म्हणाला.

वाक्य अक्षर न् अक्षर खरे होते. म्हणून तर ते इतके नीच होते.

अर्ज मुदतीनंतरचा म्हणून फेटाळला गेला. विजयाबाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी पावती आणि कोर्टाचा कागद एकात एक घालून पिशवीत ठेवले, सगळ्यांना मिळून एकदा हात जोडले आणि निघून गेल्या.

सायकल स्टँडपाशी गुलाबरावांनी दिवाकरला गाठले.

"गुरुवारी इंटरव्ह्यू हाय ना तुमचा?"

"हाव."

"मंग झालं तर." गुलाबरावांनी स्कूटरची किल्ली खिशात चाचपली. "एक तारीख उघडी पडली का पूर्ण यादी कोर्टात जाते. तीनशे लोकांचे प्लॉट अडकतीन. आता काही बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बाईची काय चूक पण?"

"मी कुठं म्हणून राहिलो चूक हाय म्हणून?" ते म्हणाले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

वही त्या आठवड्यात दिवाकरच्याच घरी होती. संध्याकाळी त्याने ती काढली. पान फाडले तर शिवणीपासून दिसले असते, शिवाय पानांवर आकडे घातलेले होते, तेही त्यानेच. नव्या रंगीत प्रिंटरच्या जाहिरातीचे मोठे कात्रण त्याने उजव्या पानावर ठेवून पाहिले. बरोबर बसत होते. मग त्याने चारी कडांना भरपूर डिंक लावला आणि ते चिकटवले. डिंक जास्त झाल्यामुळे कागदाला सुरकुत्या पडल्या. तो कितीतरी वेळ त्या अंगठ्याने दाबत बसला होता. बायको चारुलता जेवायला बोलावून गेली, तरी उठला नाही.

बुधवारी दुपारी विजयाबाई त्याच्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीसाठी त्याने सुटी घेतली होती आणि अंगणात बसून तो बुटांना पॉलिश करत होता. त्या फाटकातून येताना त्याला दिसल्या. हिला कळले, कुणीतरी सांगितले, असे त्याला वाटले. आणि क्षणभर, खोटे कशाला बोला, त्याला बरेही वाटले.

विजयाबाईंनी चारुलतेच्या हातात मुंगवड्यांची पुडी दिली. "रिकाम्या हातानं कसं यायचं," त्या म्हणाल्या. मग ओट्यावर बसल्या. चारुलता पाणी आणायला आत गेली.

"भाऊजी, मी भांडाले नाई आली," त्यांनी सुरुवात केली. "एकच गोष्ट विचारते म्हणलं."

"बोला ना, वहिनी."

"रविवारपासून मी सगळ्याइले विचारून राहिली. शेजारच्या मैनाबाईले विचारलं, मी दुर्गले कोन्त्या दिवशी गेली होती म्हणून. त्याइले आठवत नाई. मोठी पोरगी म्हणते शुक्रवार, पण लहानी म्हणे त्या दिवशी अर्धी शाळा होती. अर्धी शाळा तं शनिवारी रायते." त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. "दीर आले होते आर्वीहून. ते म्हणाले, वहिनी, भाऊ गेल्यापासून तुमचं ध्यान ठिकानावर नाई. तुम्ही कोर्टातून घरी आल्या असान, झोपल्या असान, अन् दुसऱ्या दिवशी गेल्या असान. मी म्हणलं, असं कसं? मले तं रस्ता आठवते पूर्ण. बसमधल्या बाईचं लुगडं आठवते. पण भाऊजी, दिवसाले काही रंग नसते ना."

दिवाकरच्या हातात एक बूट तसाच होता. ब्रश त्याने खाली ठेवला.

"प्लॉट गेला तं गेला," विजयाबाई म्हणाल्या. "पण मी दिवसभर मनातल्या मनात भांडत रायते. कधी तुमच्या मशीनशी, कधी माह्या डोक्याशी. दोघातलं एक कोनीतरी खोटं हाय. तुम्ही त्यातले जाणकार. तुम्ही मले तोंडानं एकदा सांगा, का मशीन बरोबर होती. मंग मी भांडणं सोडन. मान्य करन का मीच चुकली."

रविवारी त्याला एक खरे वाक्य सापडले होते. आज त्याने शोधले, पण बाईंनी कुठे जागाच ठेवली नव्हती.

आतून भांड्यांचा आवाज आला. दिवाकरने बुटाच्या टोकाकडे पाहिले. चांगली चकाकी आली होती.

"बरोबर होती, वहिनी," तो म्हणाला.

विजयाबाईंनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरला, आणि त्या चक्क हसल्या.

"मंग माहंच चुकलं. बरं झालं, सांगतलं तुम्ही. दुसऱ्या कोनाचा भरोसा नव्हता मले."

पाणी पिऊन त्या उठल्या, घटकाभर आत चारुलतेपाशी बसल्या. मारोतरावांच्या खानावळीच्या दिवसांची एक आठवण त्यांनी चारुलतेला सांगितली, मुलींच्या परीक्षा आटोपल्या की सामान बांधायचे आहे म्हणाल्या. दिवाकर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. उद्याच्या मुलाखतीसाठी त्यांनी त्याला आशीर्वादही दिला. ते चारुलतेने आत सांगितले असावे.

रस्त्यावर चार पावले गेल्यावर त्या थांबल्या आणि परत वळल्या. चेहऱ्यावर संकोच होता, एखादी अगदी साधी गोष्ट विचारायची लाज वाटावी तसा.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आज बुधवारच हाय ना?"